देवरे बाईंची हाक

मला डोंगर आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाशिकमध्ये राहून असं बोलायची सोय नाही. पावसाळा ओसरला की आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी पाठीला पिशव्या अडकवून कुठल्या तरी किल्ल्यावर जातात, वाटेत कणसं खातात, घसरून पडतात, आणि त्याचे फोटो आठवडाभर आपल्याला बघावे लागतात. मी रविवारी दुपारी जेवून झोपणारी बाई आहे. तरीही सातमाळा रांगेतले बरेचसे डोंगर मी चढले आहे, तेही भर उन्हाळ्यात, आणि ते सगळं देवरे बाईंमुळे.

देवरे बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा द्वारकेच्या चौकाजवळ, त्यामुळे ट्रकच्या हॉर्नमध्ये शिकवायची आम्हा सगळ्यांनाच सवय होती, पण बाईंचा आवाज हॉर्नच्या वरून जायचा. बांधा लहानखुरा, काटक. केसांचा घट्ट अंबाडा. पायात बारा महिने कॅनव्हासचे पांढरे बूट, साडीखालीसुद्धा. मुख्याध्यापकांनी एकदा आडून आडून चपलांचा विषय काढला तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, साडी बदलू का मग?" पुन्हा तो विषय निघाला नाही.

सोमवारी सकाळी त्या स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बुटांच्या नाड्यांत अडकलेली कुसळं काढत बसायच्या. एकेक कुसळ ओढून टेबलावरच्या जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचं आणि शेवटी त्या कागदाची पुडी करून टोपलीत टाकायची. हातांवर करवंदीच्या काट्यांचे ओरखडे असायचे. पिशवीला धुराचा वास यायचा. आम्हाला वाटायचं, बाईंना ट्रेकिंगचा नाद आहे. एकट्या बाईमाणसाने दर रविवारी पहाटेच्या एसटीने वणीकडे जायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं, याला नाद नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्यांचं एक वाक्य होतं. "हा नाही, पुढचा बघू." रिक्षावाल्याने जास्त भाडं सांगितलं की हेच, आंब्याची पेटी वास घेऊन खाली ठेवली की हेच. मेन रोडच्या दुकानात त्यांच्याबरोबर साडी घ्यायला जाणं म्हणजे शिक्षा होती. दुकानदार गादीवर ढीग घालायचा, बाई शांतपणे प्रत्येक पदर उलगडून बघायच्या आणि म्हणायच्या, "हा नाही, पुढचा बघू." शेवटी तो बिचारा घाम पुसायला लागायचा. मी हसायचे. हे वाक्य त्या मुळात कुठे म्हणायला शिकल्या, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका सोमवारी, नुकतीच माझी त्यांच्याशी बऱ्यापैकी गट्टी जमली होती, मी विचारलं, "बाई, तुम्हाला एवढं काय दिसतं हो त्या डोंगरांत?"

"माझा भाऊ आहे तिकडे."

"कुठल्या गावाला?"

"गावाला नाही. डोंगरात."

आणि त्या पेपर तपासायला लागल्या. बाकीचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

बाईंचं माहेर कळवणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी घर म्हणजे माहेरच. तिथे आई, थोडी कांद्याची जमीन, आणि धाकटा भाऊ बापू. बापूला वडील आठवत नव्हते. बाईंनीच त्याला डी.एड.पर्यंत शिकवलं होतं. नोकरी लागत नव्हती, पण त्याची काही तक्रार नव्हती. गप्प मुलगा. एका चैत्रात तो गावकऱ्यांबरोबर सप्तशृंगीच्या गडावर यात्रेला चालत गेला. सगळ्यांनी दर्शन घेतलं, पायथ्याशी बसून भाकरी खाल्ल्या, आणि उठताना बघतात तर बापू नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत तक्रार दिली, फोटो छापून आणला, काही झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात गावातला एक मेंढरंवाला सांगत आला की धोडपच्या अंगाला एका गुहेपाशी मी बापूला बघितलं; अंगावर भगवं होतं, मी हाक मारली तर उठून आत गेला. बाईंच्या रविवारच्या फेऱ्या तिथून सुरू झाल्या.

"सापडला तर काय करणार?" मी विचारलं.

"घरी नेणार."

"तो नाही आला तर?"

"आधी सापडू दे. तो घरी यायच्या आत मला सापडला पाहिजे."

हे काही मला उमगेना. मग बाईंनी समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसंच, फळ्याशिवाय. त्यांच्याकडे असं मानतात की जोगी झालेल्या माणसाने एकदा तरी आपल्या घरच्या दारात येऊन आईच्या हातची भिक्षा घ्यायची. ओळख द्यायची नाही, नाव सांगायचं नाही. आईने आपल्या हाताने झोळीत घातलं की नातं संपलं. मग तो मागे वळत नाही, आणि घरच्यांनीही त्याला पुन्हा नावाने हाक मारायची नाही. पण आईने दिलं नाही, तर तो अडकला. अजून घरचाच राहिला.

"म्हणून मायला मी बजावून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "भगव्या कपड्यातलं कुणीही दारात आलं तरी तू हात लावायचा नाही. ओट्यावर बसवायचं, शेजारच्या सुमनला हाक मारायची, तिने पीठ घालायचं. आणि मला फोन करायचा."

मी पगारे, आमचं घर बौद्ध, त्यात मी विज्ञान शिकवते. मी म्हटलं, "बाई, तुम्ही लाव्हाचे थर शिकवता आणि हे काय धरून बसलात? मूठभर पिठाने नातं तुटत असतं का?"

"माझं नाही तुटणार," त्या म्हणाल्या. "पण तो मानतो ना. त्याचं तुटेल."



त्यानंतर मी अधूनमधून त्यांच्याबरोबर जायला लागले. का, ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. एकटी बाई डोंगरात फिरते म्हणून काळजी वाटायची, हे एक. आणि दुसरं म्हणजे बाई डोंगरावर जितक्या बोलायच्या तितक्या खाली कधीच बोलत नसत. एसटीने दिंडोरी सोडली की त्यांची मान खिडकीकडे वळायची आणि आडवी रांग दिसायला लागली की बोट सुरू व्हायचं. तो अहिवंत, तो मार्कंड्या, ते दोघं रवळ्या-जवळ्या. लहानपणी गच्चीवरून बघताना त्यांनी आणि बापूने वाटणी केली होती, रवळ्या ताईचा आणि जवळ्या बापूचा. संध्याकाळी कुणाच्या डोंगरावर ऊन जास्त वेळ टिकतं यावरून दोघांची भांडणं व्हायची.

प्रत्येक डोंगराच्या बाईंकडे दोन गोष्टी असत. एक पेपरात लिहायची आणि एक डोंगरावर सांगायची. पेपरातली म्हणजे बेसाल्ट, लाव्हाचे थर, भेगांत घुसून थिजलेल्या भिंती, झीज. डोंगरावरची म्हणजे मोहनदरीच्या कड्याला जे आरपार भोक आहे, ते देवी राक्षसाच्या मागे लागली तेव्हा पडलेलं. एका पोराने सहामाहीच्या पेपरात राक्षसाची गोष्ट लिहून ठेवली. बाईंनी त्याला निम्मे गुण दिले आणि शेजारी लिहिलं, 'खरं आहे, पण इथे नको.' मुख्याध्यापक चिडले. बाई म्हणाल्या, "सर, भोक तर आहे ना?"

गुहेतल्या बाबांकडे जायची त्यांची एक रीत होती. जोग्याला मागचं नाव-गाव विचारत नाहीत, विचारलं तरी तो सांगत नाही, आणि दाढी-जटांत चेहरा ओळखू येईल याची खात्री नाही. बापू डावखुरा होता. म्हणून बाई बाबांच्या धुनीपाशी जाऊन खाली बसायच्या, पिशवीतून आणलेला गूळ-शेंगदाणे पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, जरा पाणी द्याल?" पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. बाबा तांब्या उचलायचे आणि बाई त्यांच्या हाताकडे बघायच्या.

मी पहिल्यांदा हे धोडपला बघितलं. चढताना माझी पार दमछाक झाली होती, मनात बाईंना शिव्या घालत मी वर पोचले. गुहेत एक म्हातारा बाबा होता, उत्तरेकडचा असावा, हिंदी बोलत होता. त्याने उजव्या हाताने पाणी ओतलं. बाईंनी ओंजळ धरली, पाणी प्यायल्या, नमस्कार केला आणि बाहेर येऊन बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाल्या, "हा नाही. पुढचा बघू." साडीच्या दुकानात म्हणायच्या त्याच आवाजात. त्या दिवसापासून मला त्या वाक्याचं हसू आलं नाही.

गुहेतून निघाल्यावर खिंडीच्या तोंडाशी उभं राहून त्या हाक मारायच्या. दोन्ही हात तोंडाशी धरून, ट्रकच्या वर जाणाऱ्या त्या आवाजात. "बापूऽऽ, जेवाले येऽऽ." त्यांच्या अहिराणीत जेवाले म्हणजे जेवायला. दिवेलागणीला त्यांची आई शेताच्या बांधावर उभी राहून अशीच हाक मारायची, आणि बापू कुठेही असला तरी धावत यायचा. लहानपणापासून खाण्यापिण्याची हौस असलेला तो एकटाच घरात, असं बाई सांगायच्या. हाक कड्यावर आपटून परत यायची. बाई ती पूर्ण परत येईपर्यंत थांबायच्या, मग उतरायला लागायच्या.

एकदा आठवीच्या मुलांची सहल तिथेच नेली होती. बाईंनी लाव्हाची भिंत दाखवली, सोनकीची फुलं दाखवली, मुलांना डबे खायला बसवलं आणि स्वतः हळूच कडेला जाऊन हाक मारली. पोरांना तो खेळ वाटला. सगळा वर्ग उठून कडेला आला आणि एका सुरात ओरडला, "बापूऽऽ, जेवाले येऽऽ." डोंगर नुसता दणाणला. मी त्यांना गप्प करायला धावले, तर बाईंनी माझा हात धरला. "ओरडू दे," त्या म्हणाल्या, "एवढ्या जणांनी बोलावलं तर येईलही." मुलं खिदळत होती, पुन्हा पुन्हा ओरडत होती, आणि बाई वळून प्रत्येक वाटेकडे बघत होत्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पुढे कितीतरी दिवस शाळेच्या जिन्यात डबा खायच्या सुट्टीत पोरं एकमेकांना तशीच हाक मारायची, आणि बाई रागवायच्या नाहीत.

त्यांच्या आईला मी पहिल्यांदा भेटले ते पोळ्याच्या सुमारास. मायला दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायचं, ऑपरेशनला ती तयार नव्हती. दारात चाहूल लागली की मान पुढे काढून विचारायची, "कोन शे?" मला जवळ बसवून तिने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पानी पिशी का, बेटा?" मी हो म्हटल्यावर तिने दाराच्या आत, चौकटीमागे हात घालून खुंटीवरचा तांब्या काढला. तो तिथे टांगलेला बाहेरून दिसायचाच नाही. मी म्हटलं, असा लपवून का ठेवता? बाई म्हणाल्या, "माकडं नेतात. बापूनेच खुंटी ठोकलीय."

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात दारात एक गोसावी आला. पन्नाशीचा, जाडजूड, बापू असायची काही शक्यताच नव्हती. तरी माय जागची हलली नाही. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि ओरडली, "सुमन, ए सुमन. पीठ दे वं त्याले." शेजारची सुमन धुणं टाकून आली, ओंजळभर पीठ झोळीत घातलं आणि माझ्याकडे बघून हसली. गावात या घराला चिक्कू म्हणतात, हे मला तिनेच नंतर सांगितलं. म्हातारी आपल्या हाताने कणभर काही सोडत नाही, म्हणतात. मायने ते ऐकलं होतं आणि तिला ते लागलंही होतं. ज्या घरातून कुणी कधी उपाशी गेलं नाही, त्या घरातली ती बाई, आणि तिला आता हातावर बसून राहावं लागत होतं. गोसावी गेल्यावर तिने हात बाहेर काढले आणि पुष्कळ वेळ ते एकमेकांवर चोळत राहिली.

मग तो चैत्रातला रविवार.

आम्ही मार्कंड्यावर गेलो होतो. मुळाणबारीच्या खिंडीत एसटीतून उतरलं की एका बाजूला मार्कंड्या, दुसऱ्या बाजूला रवळ्या-जवळ्या. वरून समोर सप्तशृंगीचा डोंगर दिसतो. गडावर यात्रा भरलेली होती, ढोलांचा आवाज वाऱ्याबरोबर तुटक तुटक येत होता. मार्कंड्याची डोंगरावर सांगायची गोष्ट अशी की तिथे बसून ऋषी देवीला तिचीच कथा ऐकवत, आणि ती नीट ऐकू यावी म्हणून देवीने मान किंचित कलती केली, ती अजून तशीच आहे. बाई म्हणाल्या, "एवढ्या लांबचं तिला ऐकू जातं, पगारे. आणि माझा आवाज काय लहान आहे?" त्यांनी त्या दिवशी हाकही जरा जास्तच वेळ मारली. फोनला वर रेंज नव्हती. गुहेत कुणी नव्हतं, पण राख अजून गरम होती, आणि तेवढ्यावरच बाई खुशीत होत्या.

खाली बारीत उतरल्यावर बाईंचा फोन वाजायला लागला. सुमनचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. बाईंनी लावला, ऐकलं, आणि समोर आलेल्या कळवणच्या गाडीला हात केला. मीही चढले. 

माय ओट्यावर बसली होती. सुमन खांबाला टेकून उभी, रडवेली. ती कांदा काढायला शेतात गेली होती, सगळा गावच गेला होता. दुपारच्या उन्हात एक जोगी येऊन दारात उभा राहिला. मायने सुमनला हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. ती म्हणाली, बाबा, बस. तो बसला नाही. काही मागितलंही नाही. नुसता उभा.

"मग?" बाईंनी विचारलं.

माय म्हणाली, "भूक लागेल व्हती त्याले."

"तुला कसं कळलं? दिसत नाही ना तुला?"

 भुकेलेलं माणूस दारात उभं असलं की कसं कळतं हे मायला सांगता येत नव्हतं, आणि सांगायची गरजही वाटत नव्हती. तिने बसून बसून हात मांड्यांखाली दाबले होते. मग उठली. टोपल्यातल्या भाकरी घेतल्या, वर चटणीचा गोळा ठेवला आणि दिलं.

"कोणत्या हाताने घेतलं?"

त्याने दोन्ही हात पुढे केले होते. भिक्षा दोन्ही हातांनीच घेतात.

बाई जरा सैलावल्या. मला म्हणाल्या, "यात्रेचे दिवस आहेत, पन्नास जोगी फिरतात. कुणीही असेल." मीही पटकन म्हटलं, "कुणीही असेल." सुमननेही मान हलवली. मग माय आपली पुढचं सांगायला लागली. तिच्या तोंडावर समाधान होतं, कितीतरी वर्षांनी पोटभर कुणाला वाढल्याचं. तो तिथेच पायरीवर बसून जेवला, म्हणाली. सगळी भाकरी खाल्ली. मग उठला, तांब्या घेऊन रांजणातलं पाणी प्यायला, आणि गेला.

"कुठला तांब्या?" बाईंनी विचारलं.

मायने चौकटीकडे हात केला.

"तू काढून दिलास?"

"नयी," माय म्हणाली. "त्यानीच हात घालीसन लिधा."

सुमनने पदर तोंडात धरला. बाई उठून दारापाशी गेल्या. चौकटीमागे हात घालून त्यांनी तांब्या काढला, बघितला, परत खुंटीला टांगला. मग त्या मायसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक, मला जेमतेम ऐकू आलं. "माय, मी सांगेल व्हतं ना, तू देऊ नको."

मायला तेव्हा कुठे कळलं की लेक रागावली आहे. ती गोंधळली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "तूच बलावस ना त्याले जेवाले? उना तो. मंग मी दिनं."

खरं होतं. बाईच त्याला इतकी वर्षं जेवायला बोलावत होत्या. तो आला, आणि मायने वाढलं. यात मायचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि बाईंनाही वाटलं नसावं, कारण त्या खाली बसल्या आणि त्यांनी मायच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मी माझ्या परीने पुष्कळ भांडले. पुढच्या सोमवारी स्टाफरूममध्ये म्हटलं, बाई, तो जिवंत आहे, जवळच आहे, यात्रेतून घरी चालत आला म्हणजे इथेच कुठेतरी राहतो, आता तर शोधायला हवा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्याला बहीण नाही आता. मी शोधून काय करू?" मी म्हटलं, हे सगळं मानण्यावर आहे. त्या म्हणाल्या, "हो ना. तेच तर."

त्यानंतर त्या रविवारी घरी बसायला लागल्या. नाड्यांत कुसळं नसायची. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्या हात मांडीवर घेऊन बसायच्या, समोर वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं. शिकवायच्या नेहमीसारखं, पण डोंगरावर सांगायची गोष्ट मुलांनी मागितली तर म्हणायच्या, "पेपरात येत नाही ती." दिवाळीला मी त्यांना आग्रह करून मेन रोडला नेलं. दुकानदार ओळखीचा, त्याने बाईंना बघून हसत हसत ढीग काढायला घेतला. पहिलीच साडी त्याने उलगडली, कसली तरी राखाडी, आणि बाई म्हणाल्या, "बांधून द्या." तो माझ्याकडे बघत राहिला. मी तिथे त्या दुकानात रडले, आणि बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. समजूत माझी घालायची वेळ त्यांच्यावर आली होती.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. नाशिकची खोली सोडून मायपाशी राहायला निघाल्या. त्यांना पोचवायला मी बरोबर गेले, आणि मुळाणबारी जवळ आल्यावर मीच म्हटलं, उतरू या. डोंगर न आवडणारी मी. मला वाटलं होतं, वर गेल्यावर त्यांना जरा मोकळं वाटेल. त्यांनी पिशवी उचलली. टपरीवाल्याकडे सामान ठेवून आम्ही मार्कंड्याची वाट धरली. बाई पुढे, मी मागे, नेहमीसारखं. त्यांची चाल तीच होती, पण गुहेकडे वळायची वाट आली तेव्हा त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

वर वारा होता. समोर देवीचा डोंगर, मागे रवळ्या-जवळ्या, एकमेकांना लागून. बाई त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. सवयीने त्यांचे हात तोंडापाशी आले. मग ते खाली गेले.

मी म्हटलं, "बाई, मारा ना हाक. कोण ऐकतंय इथे?"

त्यांनी नकाराची मान हलवली. मला ते सहन होईना. मी म्हटलं, तुम्हाला चालत नसेल, मला तर चालतं, मी कुठे काही मानते? मी पुढे झाले, तोंडाशी हात धरले आणि माझ्या किनऱ्या आवाजात ओरडले, "बापूऽऽ." पुढचे शब्द येणार तेवढ्यात बाईंचा हात माझ्या दंडावर पडला. अगदी हलका.

"नको, पगारे," त्या म्हणाल्या. "जेवलाय तो."

माझी अर्धी हाक कड्यावरून परत आली. बाई ती ऐकायला थांबल्या नाहीत, उतरायला लागल्या होत्या.

खाली बारीत कळवणची गाडी आधी आली. इथून पुढे एकटीच जाते, बाई म्हणाल्या. मी सामान चढवून दिलं. गाडी जवळजवळ रिकामी होती, खिडकीच्या कितीतरी जागा मोकळ्या. बाईंनी एका खिडकीपाशी आपली पिशवी ठेवली आणि स्वतः आतल्या बाजूच्या जागेवर बसल्या. कंडक्टरने घंटी मारली. मी हात हलवला, पण त्या खाली वाकलेल्या होत्या, आणि बुटाच्या नाडीत अडकलेलं एक कुसळ काढत होत्या.